लायसन्स, कोडओनर्स, मेटाइन्फो: कोणती फाइल कोणत्या रीपोत, आणि का

आधी प्रश्न थोडक्यात. मराठी शुद्धलेखन तपासणारं एक मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आहे आणि त्याचे गिटहबवर चार रीपो (म्हणजे कोड आणि त्याचा इतिहास ठेवायच्या जागा) आहेत: पायथनमधली मूळ लायब्ररी (तिच्यात दोन पॅकेजेस), अँड्रॉइड ॲप, लिनक्सचं डेस्कटॉप ॲप आणि वेबसाइट. लायसन्स, आचारसंहिता, योगदानाचे नियम, कोडओनर्स (कोणत्या भागाचा रिव्ह्यू कोणी करायचा याची यादी), ॲपची वर्णनं, सायटेशन (शोधनिबंधात उल्लेख कसा करायचा ते) अशा फाइली चारही ठिकाणी आहेत आणि दोन वर्षांत चारही ठिकाणी थोड्याथोड्या बदलल्या आहेत. सुरक्षेच्या फाइलीत तर दोन वेगळे ईमेल पत्ते आहेत आणि त्यातला एक प्रकल्प सोडून गेलेल्या माणसाचा. आता टीममधला एक जण म्हणतो, 'मेटाडेटा' नावाचा पाचवा रीपो काढू आणि तो चारही रीपोंना सबमॉड्यूल (रीपोच्या आत जोडलेला दुसरा रीपो) म्हणून जोडू. दुसरी म्हणते, सगळं संस्थेच्या 'डॉट गिटहब' नावाच्या रीपोत टाकू. ऐकायचं कोणाचं?

दुसरीचं अर्धं ऐका. पहिल्याचं ऐकू नका, आणि ते का, हे जरा लांबवून सांगते, कारण ती चूक मी स्वतः केली आहे.

काही वर्षांपूर्वी मी ज्या प्रकल्पात होते तिथे आम्ही हुबेहूब हेच केलं. सामायिक फाइलींचा वेगळा रीपो काढला आणि बाकीच्या सगळ्यांत तो सबमॉड्यूल म्हणून जोडला. बैठकीत फार छान वाटलं: एकच जागा, एकदा बदला, सगळीकडे लागू. पहिल्या रिलीजनंतर आठवड्याभरात एका लिनक्स वितरणासाठी पॅकेज बनवणाऱ्या गृहस्थांचा अतिशय सभ्य इश्यू आला: तुमच्या टारबॉलमध्ये (सोर्सच्या बांधलेल्या गठ्ठ्यात) लायसन्सचं फोल्डर आहे, पण ते रिकामं आहे. मला आधी पटेना. माझ्या मशीनवर तर सगळं दिसत होतं. अर्थातच दिसणार, आम्ही सगळे रीपो सबमॉड्यूलसकट क्लोन करत होतो, म्हणजे त्याची पूर्ण प्रत उतरवत होतो. पण टारबॉल बनवणारी 'गिट आर्काइव्ह' ही आज्ञा सबमॉड्यूलच्या आत उतरत नाही आणि टॅग केल्यावर, म्हणजे आवृत्तीवर खूण केल्यावर, गिटहब आपोआप जो टारबॉल देतं त्यातही सबमॉड्यूलचा मजकूर नसतो. मुख्य रीपोच्या दृष्टीने सबमॉड्यूल म्हणजे फक्त 'तिकडचा अमुक कमिट (नोंदवलेला बदल)' अशी खूण. टारबॉल घेणाऱ्याच्या हाती येतं रिकामं फोल्डर.

लायसन्सच्या बाबतीत ही नुसती गैरसोय नाही. प्रोग्रॅम ज्याला द्याल त्याला लायसन्सची प्रतही द्या, असं जीपीएल सांगतं. एमआयटीही प्रत्येक प्रतीसोबत ती सूचना ठेवायला सांगतं. म्हणजे आम्ही आमच्याच लायसन्सच्या अटी मोडून सॉफ्टवेअर वाटत होतो.

दुसरा त्रास हळूहळू कळला. सामायिक रीपोत एक ओळ बदलली की बाकीच्या प्रत्येक रीपोत जाऊन ती खूण पुढे सरकवायची. कोण सरकवणार? वर्षभराने पाहिलं तर वेगवेगळे रीपो वेगवेगळ्या कमिटांवर अडकलेले. म्हणजे जो वेगळेपणा मोडायला हे सगळं केलं, तो तसाच राहिला. फरक इतकाच की आधी दोन फाइली शेजारी उघडल्या की तो दिसायचा, आता चाळीस अंकी हॅशमागे लपला होता.

तेव्हापासून मी प्रत्येक फाइलीबद्दल दोनच गोष्टी विचारते. ही फाइल कोण उघडतं? आणि ती कोणत्या बदलासोबत बदलते? 'मजकूर सारखा आहे का' हा प्रश्न मी मुद्दाम शेवटी ठेवते, कारण आपल्याला फसवतो तोच.

लायसन्स उघडतं कोण? टारबॉल घेणारा, पॅकेज बनवणारा, पायथनचं 'पीप-इन्स्टॉल' करून आत डोकावणारा कंपनीतला वकील. यातला एकही तुमच्या गिटहबच्या पानावर येईलच असं नाही. म्हणून ती प्रत्येक रीपोच्या रूटमध्ये (सगळ्यात वरच्या फोल्डरात), खरी फाइल म्हणून, पूर्ण मजकुरासह हवी. गिटहबचा स्वतःचा नियमही हेच सांगतो: संस्थेसाठी डीफॉल्ट फाइली ठेवता येतात, पण डीफॉल्ट लायसन्स ठेवता येत नाही, कारण ती क्लोन आणि डाउनलोडसोबत जायला हवी.

आता ती दुसरी सूचना. संस्थेच्या खात्यात 'डॉट गिटहब' नावाचाच एक सार्वजनिक रीपो काढला की त्यातली आचारसंहिता, सुरक्षा धोरण, मदतीचं पान, फंडिंगची फाइल, इश्यूचे साचे, हे सगळं ज्या रीपोत स्वतःचं नसेल त्याला लागू होतं. तुमच्यासाठी हे उत्तम आहे, पण तीन गोष्टी माहीत असू द्या. एक तर या फाइली त्या रीपोत येऊन बसत नाहीत. गिटहब फक्त दुवा दाखवतं, क्लोनमध्ये त्या नसतात. दुसरं, इथे विलीनीकरण नाही. रीपोची स्वतःची योगदान-फाइल असेल तर डीफॉल्ट पूर्ण बाजूला पडते. इश्यूच्या साच्यांचं तर याहून कडक: रीपोच्या इश्यू-टेम्प्लेट फोल्डरमध्ये एक जरी फाइल असली, अगदी नुसती कॉन्फिगची, तरी संस्थेचा एकही साचा तिथे दिसत नाही. 'आमचे साचे अचानक गायब झाले' या तक्रारीमागे बहुतेकदा हेच असतं. आणि तिसरं, ही सोय गिटहबची आहे. उद्या कोडबर्गवर किंवा गिटलॅबवर बिऱ्हाड हलवलंत तर ती सामानात येणार नाही, म्हणून प्रत्येक रीडमीत आचारसंहितेचा साधा दुवा द्या.

योगदानाचे नियम मात्र मी तिथे ठेवणार नाही. 'नम्रपणे बोला, आधी इश्यू उघडा' हा भाग चौघांचा एकच असेल, मान्य. पण नवा माणूस ती फाइल उघडतो ते बिल्ड कसं करायचं हे बघायला. अँड्रॉइडचं बिल्ड वेगळं, पायथनचं वेगळं, आणि बिल्डची आज्ञा बदलली की त्याच कमिटमध्ये ही फाइल बदलली पाहिजे. तेव्हा चार रीपोंत चार छोट्या फाइली आणि प्रत्येकीत सामान्य नियमांकडे एक दुवा.

कोडओनर्सबद्दल एक किस्सा. एका रीपोत रूटमधली कोडओनर्स फाइल आम्ही इमानेइतबारे अद्ययावत करत होतो आणि तरीही रिव्ह्यूची विनंती जुन्याच लोकांना जात होती. दोन महिने आम्ही गिटहबला नावं ठेवली. मग कोणाला तरी डॉट गिटहब फोल्डरमध्ये त्याच नावाची एक विसरलेली फाइल सापडली. गिटहब आधी डॉट गिटहब फोल्डर बघतं, मग रूट, मग डॉक्स, आणि पहिली जी सापडेल तीच वापरतं. गिटलॅबचा क्रम वेगळा: आधी रूट, मग डॉक्स, मग डॉट गिटलॅब. दोन्हीकडे रीपोची प्रत (मिरर) ठेवायची असेल तर एकच फाइल रूटमध्ये ठेवा, दोघांनाही सापडते. आणि फाइलीत खाली लिहिलेला नियम वरच्यावर मात करतो, म्हणून सर्वसाधारण ओळ वर आणि नेमकी ओळ खाली. ही फाइल चार रीपोंत सामायिक करण्याचा विचारही करू नका. तिच्यात फाइलींच्या वाटा (पाथ) असतात, आणि या वाटा ज्याच्या त्याच्या असतात.

मोठ्या प्रकल्पात मालकीची फाइल फोडावी की एकच ठेवावी, हा वाद लिनक्स कर्नलमध्येही झाला आहे. तिथली मेन्टेनर्स फाइल रूटमध्ये आहे, एकच आहे आणि वीस हजार ओळींच्या वर गेली आहे. तिच्यात सतत मर्ज-संघर्ष व्हायचे (दोघांचे बदल एकमेकांत अडकायचे), कारण जो तो शेवटी किंवा मनाला येईल तिथे नोंद करायचा. २०१७ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी ती वर्णानुक्रमे लावायला स्क्रिप्ट लिहिली. अशा अनेक फाइली झाडभर विखुरलेल्या असल्या तरी त्या शोधण्याची सोय वाचणाऱ्या स्क्रिप्टमध्ये आहे. तरीही फाइल एकच राहिली. मला हे पटतं. पॅच पाठवणारा हजारो लोकांपैकी कोणीही असू शकतो आणि त्याला ठाऊक असलेली जागा एकच हवी. पसारा आवरायला फाइल फोडलीच पाहिजे असं नाही, कधीकधी नुसती लावून ठेवली तरी पुरते.

आता तुमचा खरा गुंता: ॲपची वर्णनं. 'नाव तेच, ओळख तीच, मग एकाच फाइलीतून दोन्ही ॲपना का देऊ नये' असं तुम्ही विचारलं आहे. कागदावर बरोबर. प्रत्यक्षात बघू.

अँड्रॉइडचं वर्णन एफ-ड्रॉइड हे मुक्तस्रोत ॲपचं दुकान तुमच्या सोर्स रीपोतून उचलतं. ठरलेली वाट फास्टलेन, मग मेटाडेटा, मग अँड्रॉइड, आणि आत भाषेप्रमाणे एकेक फोल्डर. मराठीचं फोल्डर प्ले स्टोअरच्या पद्धतीने 'एमआर-आयएन'. छोटं वर्णन ८० चिन्हांपर्यंत, मोठं ४००० पर्यंत, बदलांची नोंद ५०० पर्यंत आणि तिच्या फाइलीचं नाव म्हणजे त्या आवृत्तीचा व्हर्जन-कोड. ती नोंद टॅग मारण्याआधी कमिट झालेली हवी. मग सांगा, ही फाइल दुसऱ्या रीपोत ठेवून कसं चालेल?

डेस्कटॉप ॲपची ओळख सांगणाऱ्या मेटाइन्फो फाइलीची तऱ्हा वेगळी. रीपोत ती कुठे आहे याच्याशी कोणाला देणंघेणं नाही. बहुतेक जण 'डेटा' फोल्डरमध्ये ठेवतात, तुम्हीही ठेवा. महत्त्वाचं आहे ती इन्स्टॉल कुठे होते ते: यूएसआर, शेअर, मेटाइन्फो. पूर्वी त्याऐवजी 'ॲपडेटा' होतं, आणि जुन्या ब्लॉगवरून नक्कल केलेल्या बिल्ड-फाइलींत अजून ते सापडतं. भाषेची खूण इथे नुसती 'एमआर', आणि भाषांतर पीओ या भाषांतराच्या फाइलींमधून येतं. शिवाय या फाइलीत दोन लायसन्स लिहायची असतात, एक सॉफ्टवेअरचं आणि एक खुद्द या मेटाडेटाचं. दुसरं मोकळं असावं लागतं, सीसी-झीरोसारखं, कारण वितरणं हजारो ॲपच्या अशा फाइली एकत्र करून सूची बनवतात. तुमचं ॲप जीपीएलखाली असलं तरी इथे जीपीएल लिहू नका. फ्लॅटहब या लिनक्स ॲपच्या दुकानाच्या मार्गदर्शक सूचनेनुसार एका ओळीचा सारांश ३५ चिन्हांच्या आत बसावा.

म्हणजे एकीकडे ८०, दुसरीकडे ३५. ८० पुरतं लिहिलेलं वाक्य ३५ मध्ये बसणार नाही. आणि ही चिन्हं म्हणजे आपली अक्षरं नव्हेत. 'महाराष्ट्रातील' हा शब्द डोळ्याला सहा अक्षरांचा दिसतो, यंत्र त्यात १४ चिन्हं मोजतं, कारण काना, वेलांटी, हलन्त सगळं वेगळं धरलं जातं. 'ष्ट्रा' एकटंच सहा खातं. इंग्रजीत ऐसपैस बसलेलं वाक्य मराठीत मर्यादेबाहेर जातं आणि एफ-ड्रॉइड ते सरळ कापतं. कधी जोडाक्षराच्या मधोमध. 'लेखन तपासा' एवढ्यावर समाधान मानावं लागतं, नाहीतर 'शुद्ध्' असा लोंबकळणारा शेपूट उरतो. म्हणून मराठी वर्णनाची लांबी तपासणारी चार ओळींची स्क्रिप्ट ॲपच्या सीआयमध्ये (प्रत्येक बदलावर आपोआप चालणाऱ्या तपासणीत) घाला. डेस्कटॉपच्या सीआयमध्ये मेटाइन्फो तपासणारं ॲपस्ट्रीमचं व्हॅलिडेट चालवा.

तर वर्णनं सामायिक नाहीत, ती नुसती एकमेकांची चुलत भावंडं आहेत. खरं सामायिक काही असेल तर ती परिभाषा: एकीकडे 'तपासणी' आणि दुसरीकडे 'परीक्षण' होऊ नये. त्यासाठी रीपो लागत नाही. वेबलेट या साधनावर भाषांतर करत असाल तर तिथला शब्दसंग्रह पुरतो, आणि वेबलेटला पीओ आणि फास्टलेन दोन्ही रचना वाचता येतात.

स्क्रीनशॉटबद्दल एकच. मेटाइन्फोत त्यांचे वेबपत्ते द्यावे लागतात. ते मुख्य ब्रँचकडे रोखू नका, टॅगकडे किंवा कमिटकडे रोखा. नाहीतर ज्या दिवशी तुम्ही माझं ऐकून फोल्डर हलवाल त्या दिवशी दुकानातली चित्रं मोडतील.

लायब्ररीतल्या दोन पॅकेजेसना वेगळी अडचण आहे. लायसन्स रीपोच्या रूटमध्ये, पॅकेजेस एक पायरी खाली. पायथनच्या पेप ६३९ या ठरावानुसार पायप्रोजेक्ट-टॉमल या पॅकेजच्या माहिती-फाइलीत लायसन्स-फाइलींची वाट देता येते, पण 'दोन टिंब' लिहून वरच्या फोल्डरात जाता येत नाही. रस्टवाल्यांना वर्कस्पेसमधून लायसन्सचं नाव वारशाने घेता येतं, १.६४ पासून. आपल्याकडे तशी सोय नाही. मग सिमलिंक, म्हणजे मूळ फाइलीकडे बोट दाखवणारी खूण? नको. विंडोजवर सिमलिंकची सोय चालू नसेल तर गिट त्या जागी एक साधी फाइल ठेवतं, जिच्यात नुसती वाट लिहिलेली असते. तुमचं लायसन्स मग एका ओळीचं होतं. शिवाय २०२१ च्या २.३२ आवृत्तीपासून गिट स्वतःच सिमलिंक असलेल्या मेलमॅप, गिटइग्नोर आणि गिटअॅट्रिब्यूट्स फाइलींकडे दुर्लक्ष करतं. तेव्हा सरळ प्रती ठेवा. मूळ रूटमध्ये, दोन प्रती पॅकेजेसमध्ये, आणि तिन्ही बाइट-न-बाइट सारख्या आहेत का हे सीआयमध्ये 'सीएमपी' ही तुलनेची आज्ञा लावून तपासा. प्रती ठेवणं अनेकांना खटकतं, पण तपासलेल्या तीन प्रतींनी आजवर माझी एकही रात्र खाल्लेली नाही.

डेस्कटॉप ॲपमध्ये दुसऱ्यांचे आयकॉन आणि एक देवनागरी फाँट आहे म्हणता, त्यांची लायसन्सं वेगळी असणार. तिथे एफएसएफई या युरोपीय संस्थेची 'रीयूज' पद्धत वापरा: रूटमध्ये 'लायसन्सेस' नावाचं फोल्डर, त्यात प्रत्येक लायसन्सचा मजकूर एकदाच, आणि प्रत्येक सोर्स फाइलीच्या डोक्यावर लायसन्सचं नाव सांगणारी एसपीडीएक्सची ओळ. फाँटच्या आत अशी ओळ लिहिता येत नाही, म्हणून शेजारी 'डॉट लायसन्स' शेपटीची छोटी फाइल. पूर्वी अशा सगळ्या फाइलींची एकच यादी रूटजवळच्या 'डॉट रीयूज' फोल्डरात असे. २०२४ च्या ३.२ आवृत्तीपासून त्या जागी रीयूज-टॉमल आली आणि ती कोणत्याही उपफोल्डरात ठेवता येते. मला हा बदल फार आवडला. आयकॉनचं फोल्डर कोणी उचलून दुसऱ्या प्रकल्पात नेलं तर त्याच्या हक्कांची माहिती त्याच्यासोबत जाते.

सायटेशनची फाइल फक्त लायब्ररीच्या रूटमध्ये. शोधनिबंधात लोक लायब्ररीचा उल्लेख करतील, वेबसाइटचा नाही. झेनोडो या संशोधन-साठवणीवर नोंद करत असाल तर एक सावधगिरी: डॉट-झेनोडो-जेसनही ठेवलीत तर झेनोडो तीच धरतं आणि सायटेशन फाइलीकडे बघत नाही. दोन्हीपैकी एकच ठेवा.

कोणी डेबियन या लिनक्स वितरणासाठीचं 'डेबियन' फोल्डर तुमच्या रीपोत ठेवायला सांगेल. प्रेमाने नाही म्हणा. डेबियनचं पॅकेज बनवणारे ते त्यांच्या बाजूला ठेवतात आणि त्यांच्या आजच्या क्विल्ट रचनेत तुमच्या टारबॉलमधलं त्या नावाचं फोल्डर टाकूनच दिलं जातं. आणि शब्दयादी, जिच्यावर सगळी तपासणी चालते, ती मेटाडेटा नाही. ती डेटा आहे, तिला स्वतःच्या आवृत्त्या आहेत, तिला वेगळा रीपो मिळाला तर मी आनंदाने हो म्हणेन. पाचवा रीपो काढायची हौस तिथे भागवा.

हलवाहलव करताना फाइल हलवणं आणि तिच्यात बदल करणं एका कमिटमध्ये करू नका, नाहीतर बदल मोठा असेल तर इतिहास शोधताना गिटला ती नवीच फाइल वाटू शकते. हलवण्याआधी जुनी वाट सगळ्या रीपोंत शोधा: बिल्ड-फाइली, वेबसाइटचे दुवे, पायप्रोजेक्टमधला रीडमीचा उल्लेख. नंतर एक चाचणी-टॅग मारा, ज्या मशीनवर तुमचा कोड कधीच नव्हता तिथे टारबॉल उतरवा आणि उघडून बघा. क्लोन नव्हे, टारबॉल. आमचं रिकामं फोल्डर तिथे पहिल्या मिनिटात दिसलं असतं.

हे सगळं पुढच्या रिलीजपर्यंत थांबू शकतं, सुरक्षेच्या फाइलीतला तो ईमेल पत्ता सोडून. आज संध्याकाळीच संस्थेच्या डॉट गिटहब रीपोत एक सुरक्षा धोरण लिहा, त्यात कोणा एकाचा नव्हे तर निदान दोघांना पोचणारा सामायिक पत्ता द्या, आणि मग चारही रीपोंतल्या जुन्या सुरक्षा-फाइली काढून टाका. रूट, डॉक्स आणि डॉट गिटहब, तिन्ही जागा बघा. एक जरी मागे राहिली तरी त्या रीपोपुरता सोडून गेलेल्या माणसाचाच पत्ता चालू राहील.